‘रडकं नको’ आणि इतर अभिप्राय

प्रत्येक वाचनालयात एक अभिप्राय वही असते. आमच्याकडची लाल कापडी पुठ्ठ्याची आहे. तिच्यात तहसीलदार, प्राचार्य, व्याख्यानमालेचे पाहुणे अशांनी ‘उपक्रम स्तुत्य, ग्रंथसंपदा समृद्ध’ असं लिहून खाली झोकदार सह्या केल्यात. यांतल्या एकानेही आमच्याकडून कधी पुस्तक नेलेलं मला आठवत नाही. जे नेतात ते वहीकडे फिरकत नाहीत. ते पुस्तक टेबलावर ठेवतात, जमलं तर एखादं वाक्य बोलतात आणि कपाटांकडे वळतात. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात, देवघेवीच्या टेबलामागे माझी सगळी नोकरी झाली. अनुदान, पगार, थकलेले हप्ते यांबद्दल लिहायचं तर ते वेगळं प्रकरण आहे आणि ते कुणाला वाचवणारही नाही. मला लिहायचंय ते त्या एखाद्या वाक्याबद्दल.

पुस्तक परत करताना लोक फारसं बोलत नाहीत, पण नवीन मागताना अटी भरपूर घालतात. रडकं नको. फार जाड नको. अक्षर बारीक नको. शेवट चांगला असेल तरच द्या. मालिकेसारखं काही नको. किंवा, मालिकेसारखंच काहीतरी द्या. ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गात आम्हांला रंगनाथन यांची 1931 सालची पाच सूत्रं पाठ करावी लागली होती. मराठी कादंबरीला 891.463 हा वर्गांक द्यायचा, हेही शिकवलं होतं. ते ज्ञान कपाटं लावायला उपयोगी पडलं. टेबलावर मात्र ‘कालच्यासारखं नको’ या वर्गांकाखाली काय येतं ते ज्याचं त्याने शोधायचं असतं.

ही अट म्हणजेच मागच्या पुस्तकाबद्दलचं मत असतं, हे हळूहळू ध्यानात आलं. जी. एं.चं ‘काजळमाया’ मुदतभर ठेवून परत आणणाऱ्या बाई त्या कथांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. ‘आता जरा हलकं काहीतरी द्या’ एवढंच म्हणाल्या. पुढे दोन-तीन महिने त्यांनी फक्त विनोदी नेलं. मग एके दिवशी आपणहून विचारलं, ‘त्या जी. ए. कुलकर्ण्यांचं अजून काय आहे?’ मधल्या काळातलं पु. ल., चिं. वि., शंकर पाटील हे सगळं त्या एका पुस्तकावरचा अभिप्राय होता, असं मी समजते.

तेव्हापासून मी ‘कसं वाटलं?’ विचारणं सोडलं. तसं विचारलं की माणूस तोंडी परीक्षेला उभा राहिल्यासारखा होतो आणि ‘छान आहे, लेखकाने उत्तम मांडलंय’ असं पुस्तकी बोलायला लागतो. त्याऐवजी मी विचारायला लागले, ‘कुठपर्यंत वाचलंत?’ या प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात. पुस्तक अर्धवट सोडण्यात आपल्याकडे कुणाला लाज वाटत नाही, आणि का सोडलं हे सांगताना भीडही पडत नाही. पूर्ण वाचलेल्या पुस्तकाबद्दल जी माणसं अर्ध्या वाक्यात आटपतात, ती सोडलेल्या पुस्तकाबद्दल टेबलाला रेलून बोलतात.

खतांच्या दुकानात हिशेब लिहिणारे एक गृहस्थ होते. कुणीतरी नाव सुचवलं म्हणून ‘कोसला’ घेऊन गेले. परत आणलं तेव्हा मी नेहमीचा प्रश्न केला. ते म्हणाले, ‘मनीपर्यंत.’ पुस्तक ठेवलं, वर्गणीची पावती खिशात घातली आणि त्या दिवशी दुसरं काही न घेता गेले. ज्यांनी ‘कोसला’ वाचलंय त्यांना मनी म्हणजे पांडुरंगाची धाकटी बहीण आणि तिचं काय होतं हे माहीत आहे. त्या गृहस्थांच्या घरी काय घडलं होतं मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. 1963 साली आलेल्या या कादंबरीवर मी चर्चासत्रांतून पुष्कळ ऐकलंय: तिची भाषा, तिचा नायक, तिने मोडलेले संकेत. पण एखाद्याला हे पुस्तक त्या पानाशी मिटावं लागतं आणि तो त्या कादंबरीचा मोठाच गुण आहे, असं कुणी व्यासपीठावरून बोललेलं माझ्या कानावर आलं नाही. उलट टोकाचं मत एका खानावळवाल्याचं. ‘काही घडतच नाही बघा यात,’ तो म्हणाला, ‘पण मेसचा हिशेब मात्र बरोबर लिहिलाय. पोरांच्या हातात मेस दिली की ती अशीच बुडते.’ पांडुरंग वसतिगृहाच्या मेसचा सेक्रेटरी होतो त्या भागाबद्दल तो बोलत होता. मला दोघांचंही पटतं.

आता तारीखपट्टीबद्दल. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला तो चौकोनी कागद, ज्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारतात. आम्ही तो मुदत कळावी म्हणून मारायचो. वाचक त्यावरून पुस्तक पारखायचे. कपाटातून पुस्तक काढायचं, मागून उघडायचं, शिक्के किती आणि किती दाट ते पाहायचं. पट्टीवर पट्टी चिकटवलेली दिसली की घ्यायचं. दोन शिक्के आणि मधे चार वर्षं कोरी गेलेली दिसली की जागेवर ठेवायचं. काहीजण आणखी बारकाईने बघायचे: शिक्के सात-आठ दिवसांच्या अंतराने असले तर पुस्तक झपाट्याने वाचलं जातंय, पुन्हा पुन्हा मुदत वाढवलेली दिसली तर जड आहे. ‘मृत्युंजय’ आणि ‘स्वामी’च्या पट्ट्या सतत बदलाव्या लागायच्या. ‘वपुर्झा’ तर बाइंडिंगलाच जास्त असायचं. (वपु मला स्वतःला फारसे रुचत नाहीत. पण एक सभासद त्यातली वाक्यं शाळेच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायच्या आणि त्या वहीवर तारखा घालायच्या. त्यांच्यासमोर मी नाक मुरडणार कशी?)

मग संगणक आला. बारकोड लागले, देवघेव पडद्यावर व्हायला लागली आणि शिक्का मारायची गरज संपली. कार्यकारिणीला वाटलं, चला, एक काम कमी झालं. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. ‘ताई, आता पुस्तक चांगलं का वाईट ते कळायचं कसं?’ मी म्हटलं, मी सांगते की, संगणकात दिसतं कितींनी नेलं. तर एक आजोबा म्हणाले, ‘तुम्ही सांगणार तुमच्या आवडीचं. शिक्का कुणाच्या बाजूने बोलत नाही.’ शेवटी बारकोडही ठेवला आणि शिक्काही चालू राहिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘हे दुहेरी काम कशाला?’ म्हणून विचारलं. आजोबांचं कारण त्यांना सांगणं अवघड होतं. मी म्हटलं, वीज जाते.

शिक्क्याखेरीज वाचकांच्या स्वतःच्या खुणाही असतात. आमचा वाचनालयाचा गोल शिक्का ठरलेल्या आतल्या पानावर असतो, पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आमचं ओळखू यावं म्हणून. तशीच जुन्या वाचकांची ठरलेली पानं असतात. कुणी एकविसाव्या पानाच्या तळाला पेन्सिलीने छोटा त्रिकोण काढतं, कुणी पन्नासाव्यावर ठिपका देतं. आपण हे वाचलंय की नाही हे वयामुळे आठवत नाही, म्हणून ही सोय. नियमाने हे चालत नाही, पण मी कधी हटकलं नाही. एका निवृत्त शिक्षिकेच्या खुणांत प्रतवारी होती. वाचलं तर एक रेघ, आवडलं तर रेघेवर फुली, आणि फार आवडलं तर दोन्ही पुसून टाकायचं, म्हणजे विसरून पुन्हा वाचायला मिळेल. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी ‘बनगरवाडी’ काढून बघितलं. एकविसाव्या पानावर खोडरबर घासल्याने कागद विरला होता.

रहस्यकथांवरच्या खुणा मात्र खोडसाळ असायच्या. बाबूराव अर्नाळकरांच्या जीर्ण प्रतींवर तिसऱ्या-चौथ्या पानावरच कुणीतरी ‘खुनी पुतण्या आहे’ लिहून ठेवलेलं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘गाढवा’. त्याखाली तिसऱ्याने ‘पुतण्या नाही, वाचून बघा’. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी त्यांची दखल घ्यायला फार वेळ लावला, पण आमच्या वाचकांचा वाद पानापानावर चालू होता.

डोंगरातल्या घाटांतून आयुष्यभर सरकारी गाडी चालवून निवृत्त झालेले एक काका होते. कादंबरी म्हटलं की हात झटकायचे. ‘खोटं कशाला वाचायचं?’ त्यांना मी प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंगढांग’ दिलं. हिमालयात सतलजवरच्या कड्यात रस्ता खोदणाऱ्या तरुण इंजिनिअरची ती गोष्ट. मला वाटलं होतं, दरी, दरड, वळणं यांवर ते बोलतील. त्यांनी पुस्तक दिवसभरात संपवलं आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसले. घाटाबद्दल एक शब्द नाही. ‘शेवटी त्याच्यावर चौकशी लागते ना, ते वाचून रात्री झोप नाही लागली. मलाही लागली होती एकदा. बरोबर केलं म्हणूनच लागली होती.’ मग त्यांनी त्यांची चौकशी सांगितली: पूर आलेल्या ओढ्यात गाडी घालायला नकार दिला होता, वरिष्ठांचा हुकूम मोडला म्हणून कागदावर चढलं. त्या पुस्तकावर मी वाचलेल्या परीक्षणांत हिमालय असतो, रस्त्यासाठी मेलेले मजूर असतात. काकांच्या वाचनात ती सगळी कादंबरी कामावर नीट वागलेल्या माणसाला जाब द्यावा लागण्याची होती. मी घरी जाऊन पुन्हा वाचली. ती तशीच आहे. त्यानंतर काकांनी मागणी लावली, ‘चौकशीचं अजून काही आहे का?’ या विषयाची नोंद आमच्या कुठल्याच यादीत नव्हती. मी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ दिली. धरणग्रस्तांची ती जाडजूड कादंबरी त्यांनी मुदत दोनदा वाढवून वाचली आणि ‘यात चौकशी व्हायला पाहिजे त्यांची होत नाही’ म्हणून परत केली.

सिनेमा आला की टेबलावर गर्दी होते. ‘दुनियादारी’ 2013 मध्ये पडद्यावर आला आणि सुहास शिरवळकरांची कित्येक वर्षं कोपऱ्यात पडलेली पुस्तकं एका महिन्यात रांगेत लागली. ‘तुंबाड’च्या वेळची गंमत वेगळी. 2018 मध्ये तो आला तेव्हा, आणि पुढे पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हाही, पोरं यायची: ‘मॅडम, तुंबाडचं पुस्तक आहे का?’ त्या सिनेमाला नाव मिळालं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, पण भयाचं बीज नारायण धारपांच्या एका कथेतलं. पोरांना ‘तुंबाड’ हे अक्षर पुठ्ठ्यावर दिसलं की बस्स. मी आधी सांगायची की यात तो राक्षस नाही, सोनं ओकणारं काही नाही, जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्या आहेत, दोन खंड आहेत. ऐकून घ्यायचे आणि घेऊन जायचे. बहुतेक चार दिवसांत परत. एकजण पहिला खंड घेऊन आला आणि रागाने म्हणाला, ‘यात भूतच नाही!’ मी म्हटलं, सांगितलं होतं. तो तसाच उभा. मग म्हणाला, ‘दुसरा खंड आहे ना आत?’

‘छावा’ सिनेमानंतर 2025 च्या फेब्रुवारीत शिवाजी सावंतांच्या कादंबरीला तर प्रतीक्षायादी करावी लागली. आयटीआयला जाणारा एक मुलगा, घरात पाठ्यपुस्तकाशिवाय पुस्तक नसलेला, ती उचलून घेऊन गेला. महिन्याने वाचून आला. त्याचा प्रश्न तोच, जो ऐतिहासिक कादंबरी वाचणारा प्रत्येकजण कधी ना कधी विचारतो: ‘मावशी, हे सगळं खरं आहे का?’ यावर मी भाषण देत नाही, दुसरं पुस्तक देते. वा. सी. बेंद्र्यांचं संभाजीचरित्र 1960 सालचं. कागदपत्रं खणून काढून महाराजांची बदनाम प्रतिमा पुसणारं. त्याने दोन दिवसांत परत आणलं. ‘यात गोष्टच नाही, नुसती पत्रंच आहेत.’ बरं, म्हटलं. कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ दिलं. ते मात्र ठेवून घेतलं. परत करताना म्हणाला, ‘कादंबरीत भारी वाटत होतं ते इथं कमी आहे, पण इथं भांडता येतं.’ म्हणजे काय, विचारलं. ‘हिनं लिहिलंय अमुक पत्रात असं आहे. मग मी म्हणू शकतो, नसंल. कादंबरीत कुणाला म्हणणार?’ इतिहासाच्या प्राध्यापकांना हे वाक्य मी सांगितलं. ते हसले नाहीत, लिहून घेतलं.

अभ्यासिकेतली मुलं हा आणखी एक वर्ग. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सोडून काही वाचत नाहीत, अशी त्यांच्याबद्दल समजूत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. एक अपवाद म्हणजे ‘मन में है विश्वास’. विश्वास नांगरे पाटील शेजारच्या शिराळा तालुक्यातले, कोकरूडचे. त्यामुळे आमच्या भागात ते पुस्तक कधी कपाटात टिकलंच नाही. एकीचं मत: ‘पहिलं निम्मं वाचायचं, मग परत पहिलं निम्मं वाचायचं. पुढं ते साहेब झालेत, तिथं आमचं काय काम?’ ती स्वतः पुढे तलाठी झाली आणि उरलेलं निम्मं तेव्हा घेऊन गेली. आणि सगळ्यात तिखट समीक्षा लहान मुलांची असते. भा. रा. भागवतांचं ‘फास्टर फेणे’ वाचून आलेल्या पाचवीतल्या मुलीने सांगितलं, ‘मजा आली. पण एक फोन केला असता तर गोष्ट संपलीच असती.’

‘हल्ली चांगलं कुणी लिहीतच नाही’ हे मतही पुष्कळ ऐकलं. बोलणारे बहुधा निवृत्तीनंतर नवीन लेखकाचं पुस्तक हातात न धरलेले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी त्यांना सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’ देते आणि ते आता वीस वर्षांहून जुनं झालंय हे सांगत नाही. दिवाळी अंकांबद्दलही दरवर्षी ‘यंदा मजा नाही’ असं म्हणतात. म्हणणारे जानेवारीअखेर रांगेत राहून सगळे अंक संपवतात. तो अभिप्राय नव्हे, ती एक ऋतूतली प्रथा समजावी.

सगळ्यात जास्त मी ज्यांच्याकडून शिकले त्या बाई घरोघरी पोळ्या लाटतात. दुपारी अडीचच्या सुमाराला, एक घर झालं आणि दुसरं व्हायचंय अशा मधल्या वेळात येतात. हाताला पीठ असतं म्हणून पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात. त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली होती. ‘नवरा तऱ्हेवाईक होता हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण हिनं त्याला पुस्तकात चांगला सांभाळून घेतलाय.’ काही महिन्यांनी सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ नेलं. ते 1990 मध्ये आलं तेव्हा पु. लं.चे चाहते किती दुखावले होते ते मला माहीत होतं, म्हणून या काय म्हणतात याची मी वाट बघत होते. पुस्तक उलगडून टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, ‘हिनं नाही घेतलं सांभाळून. हिचंही बरोबर आहे.’ दोन आत्मचरित्रं अशी शेजारी ठेवून बघण्याचं मला कधी सुचलं नव्हतं.

सध्या आमचं भांडण ‘ययाति’वरून चालू आहे. त्यांचं म्हणणं, खांडेकरांनी देवयानीवर अन्याय केलाय. ‘दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला तिनं लांब ठेवलं, यात तिचं काय चुकलं? बापाचं दारूनं काय झालं ते तिनं बघितलंय. आणि लेखकाला आवडते ती शर्मिष्ठा!’ मी म्हटलं, अहो, पण तीन जण आपापली कहाणी सांगतात त्यात, देवयानीलाही खांडेकरांनी तिच्या तोंडून बोलू दिलंय की. त्यावर त्या म्हणाल्या, ‘बोलू दिलं म्हणजे ऐकून घेतलं असं होत नाही. माझ्या सासूबाईही मला बोलू द्यायच्या.’ मागच्या आठवड्यात त्यांनी किराण्याच्या यादीचे कपटे घालून पुस्तक परत आणलं, जिथं जिथं देवयानीवर अन्याय झालाय त्या प्रत्येक पानात एक. कपटे बरेच आहेत. ते न काढता ‘ययाति’ मी माझ्या नावावर घेऊन घरी आणलंय. निम्मी पानं तपासून झालीत. काही ठिकाणी त्यांचं खरं आहे, पण शर्मिष्ठेबद्दल त्या जे बोलतात ते मला अजून पटलेलं नाही.